पलीकडे कोणी आहे असे धरून

१२ मे २०२५
दक्षिण सुदान, नाईलच्या काठावरून

दत्तामामा,

इथूनच वाकते. वाकले की कपाळ नदीकडे होतं, पण नमस्कार इब्रामपूरला तुझ्याच पायांना आहे, तो नाईलने मधल्यामध्ये घेऊ नये.

डिचोलीहून आईचा निरोप आला: "तुझा मामा फोनवर हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो, तू त्याला पत्रच लिही." म्हणून हे पत्र. इथे टपाल नाही. मी लिहून केंद्राच्या उपग्रहावरच्या इंटरनेटने तुझ्या शेजारच्या सिद्धीच्या मोबाइलवर धाडते, ती पेडण्याला कॉलेजात गेली की छापून आणून देईल. तू कागदावर लिही, ती फोटो काढून मला पाठवील. पोरीला वर्षाचे ठेवलेले काजूगर दे हां, फुकट राबवू नकोस.

पणजीतली रेडिओची नोकरी सोडून मी इथे का आले, हे तू तीनदा विचारलंस आणि माझं उत्तर तुला तीनदाही ऐकू आलं नाही. आता कागदावर घे. इथे लढाई चालू आहे. कधी असते, कधी नसते, पण माणसं घरी परतत नाहीत. कोणी छावणीत, कोणी नदीतल्या बेटांवर, कोणी गवतात. मोबाइलचे मनोरे पडलेत. उरला रेडिओ. आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या, छपरावर सौरपट्टे, मागे एक उंच खांब. मी त्या खांबाची आणि यंत्रांची डॉक्टरीण.

रोज दुपारी चारला नावांचा कार्यक्रम असतो. न्याकिम नावाची मुलगी तो सांगते. माणूस येतो, माईकसमोर बसतो आणि म्हणतो: मी अमका, माझी आई अमकी, गाव अमकं, आवडता बैल या रंगाचा, मी जिवंत आहे, माझ्या बहिणीला शोधतो आहे. एवढंच. इथे माणूस त्याच्या बैलावरूनही ओळखतात. मग पुढचा. बाहेर चिंचेखाली माणसं चावी फिरवून चालणारे रेडिओ ऐकत बसतात. होय, चिंच इथेही आहे. दुपारी नदीतून हिरव्या जलपर्णीची बेटं सावकाश वाहत जातात, वर बगळे बसलेले, आणि खोलीतून नावं वाहत असतात. कधी कधी मला उमगत नाही की मी जागी आहे की मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्या पडवीत झोपले आहे.

एक गुन्हा कबूल करते. रोज सकाळी माईक तपासताना एक-दोन-तीन म्हणायचा मला कंटाळा येतो. म्हणून मी तुझं देवळातलं गाराणं म्हणते. "बा देवा म्हाराजा, बारा वहिवाटीच्या धन्या," असं सुरू केलं की सगळी पोरं जोरात "व्हय म्हाराजा!" ओरडतात. मी शिकवलंय. एका माणसाच्या आवाजाने माईक कळतो, पाच जणांच्या आवाजाने यंत्र कळतं. रागावू नकोस.

तुझी,
संजना


१९ मे २०२५
इब्रामपूर

चि. संजना हिला, उरलासुरला काजूचा वास या कागदाला लावून दत्तारामाचा आशीर्वाद.

गो बाय, तुझा कागद चार वेळा वाचला. वाचलेलं चार वेळा तसंच राहतं, बोललेलं माझ्याकडे पोचतच नाही. तेव्हा लिही.

गाराणं म्हणतेस ते म्हण. देवाला ठिकाणाचं काय? पण नीट म्हण. तुझा सूर शेवटाला चढतो, तो चढू नये. गाराणं म्हणजे गावाच्या वतीने देवासमोर उभं राहून मागायचं, भांडायचं नव्हे. मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं की मगच पुढलं वाक्य. मला आता ते ऐकू येत नाही. मी वळून त्यांची तोंडं हललेली बघतो आणि पुढे जातो. परवा मागच्यांतल्या महादेवाने मध्येच जांभई दिली, ती मी व्हय म्हाराजा समजून घेतली. सगळं देऊळ हसलं म्हणे.

माझं बरं आहे. पोदेर सकाळी उंडे पाव टाकून जातो, सायकलीचा भोंगा वाजवतो तो ऐकू येतो. देवळातली घंटा ऐकू येते. घरातल्या फोनची घंटाही ऐकू येते. माणूस तेवढा ऐकू येत नाही. अठरा सालच्या पावसात तो ताप आला त्याने माणसं नेली आणि घंटा ठेवल्या. तुझ्या आईने कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. त्यातून शालिनीच्या तव्यासारखा चर्र असा आवाज येत होता. तुझी मामी जाऊन अकरा वर्षं झाली, तिचा तवा कोणी तापवला म्हणून दचकलो. काढून मेजाच्या खणात ठेवलं.

फोनही आता काढून टाकणार. कोण करतं मला? सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षातून एकदा गणेशचवथीच्या दिवशी कोण तरी करतं. उचलतो, "कोण?" विचारतो, परत "कोण?" विचारतो, ठेवतो. विमेवाले असतील. वाड्यावरचा साईश पेडण्याला जातो तेव्हा अर्ज घेऊन जाईल.

तुझ्या कार्यक्रमाचं वाचून एक वेळ असं मनात आलं की... जाऊ दे. आमच्या घराण्याची रीत तुला ठाऊक आहे. गाराणं घालणाऱ्याने आपल्या घरचं काही मागायचं नाही. गावाची गाय हरवली तर मागतो. आपली हरवली तर शोधतो, नाही मिळाली तर गप्प बसतो.

पाणी उकळून पी.

तुझा मामा


१६ जून २०२५
नाईलकाठ

मामा,

आज नमस्कार जरा दुरूनच करते, कारण वाचून झाल्यावर तू काठी उचलशील.

गेल्या मंगळवारी सकाळी माझी चूक झाली. माईक तपासताना खांबाकडे जाणारं बटण बंद असायला हवं. ते चालू राहिलं. तुझं अख्खं गाराणं, पोरांच्या "व्हय म्हाराजा"सकट, हवेत गेलं. साठ किलोमीटरपर्यंत. छावण्यांत, बेटांवर, मासेमाऱ्यांच्या होड्यांत. केंद्राचे प्रमुख माझ्यावर असे ओरडले की नशीब, तेव्हा बटण बंद होतं.

मला वाटलं झालं, घरी पाठवणार. दोन दिवसांनी चिठ्ठ्या यायला लागल्या. इथे ऐकणारे फोन करू शकत नाहीत, चिठ्ठ्या लिहून होडीवाल्यांकडे देतात. त्या आणणारी अचोल म्हणून एक बाई आहे. साठीची असेल, काळीभोर, उंच, दात पुढचे दोन नाहीत, आणि होडी अशी वल्हवते की पाण्याला कळतसुद्धा नाही. तिचा मुलगा ओबाच दोन वर्षांपूर्वी गुरांमागे गेला तो परत आला नाही. दर शुक्रवारी ती चिठ्ठ्या देते आणि माईकसमोर बसून त्याचं नाव सांगते. शंभरदा सांगून झालंय. तरी येताना केस नीट बांधून येते.

त्या शुक्रवारी तिने एकोणीस चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. सगळ्यांत एकच प्रश्न. न्याकिमने वाचून दाखवला: "ती परकी मुलगी आणि मागचे लोक कोणाला बोलावत होते? शेवटी नाव सांगितलं नाही. नाव सांगितल्याशिवाय आम्ही शोधणार कसं?"

मामा, मी हसत सांगणार होते की अहो, ते कोणालाच बोलावणं नव्हतं, माईक तपासत होते. पण अचोल माझ्याकडे बघत होती. दोन वर्षं दर शुक्रवारी नाव सांगणारी बाई. तिच्यासमोर मला ते सांगवेना. ते खरं होतं की नंतर बोलले ते खरं, मला अजून नीट कळलेलं नाही.

चारच्या कार्यक्रमात मी माईकसमोर बसले आणि म्हटलं: प्रवीण. आईचं नाव शालिनी, वडील दत्ताराम. गाव इब्रामपूर. खाणीवर ट्रक चालवायचा. लहानपणी काजू भाजताना तेल उडून डाव्या गालावर डाग राहिलाय. सात वर्षांपूर्वी घरातून गेला. त्याची आतेबहीण त्याला शोधते आहे.

न्याकिमने त्यांच्या भाषेत सांगितलं. बाहेर चिंचेखाली कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

त्याचं नाव तुझ्या घरात घेत नाहीत हे मला ठाऊक आहे. माफ कर किंवा करू नकोस, पण उत्तर लिही.

संजना


९ जुलै २०२५
नाईलकाठ

मामा,

तेवीस दिवस झाले. सिद्धी म्हणते, तुझा कागद वाचला आणि विळा घेऊन पोफळीच्या कुळागरात गेले, तेव्हापासून काही लिहून देत नाहीत. ठीक आहे. मी लिहिते.

अचोलने मनावर घेतलंय. मी तिला नकाशा काढून दाखवला, समुद्र दाखवला, मधले देश दाखवले. तिने नकाशा उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "माणसं याहून लांब जातात." आतापर्यंतचा अहवाल असा: उत्तरेच्या छावणीत प्रवीण नाही. मोठ्या बेटावर नाही. मासेमाऱ्यांनी चार बंदरांवर डाव्या गालाचा डाग बघून घेतला. एक ट्रकवाला सापडला, त्याच्या गालावर डाग होता, पण उजव्या, आणि तो केनियाचा निघाला. त्याला दोन तास बसवून ठेवलं होतं, म्हणाले खात्री करून घ्या. बिचाऱ्याने चहा पिऊन जबाब दिला.

हसू येतं ना? मला आधी आलं. मग मी खोलीत जाऊन रडले.

गेला आठवडाभर पलीकडच्या काठावर तोफांचे आवाज आहेत. आज ढग आहेत की धूर ते कळत नाही. केंद्र कदाचित काही दिवस बंद ठेवावं लागेल. काळजी करू नकोस.

संजना


१४ जुलै २०२५
इब्रामपूर

संजना,

सिद्धीने तिच्या मोबाइलवर बातमी दाखवली. नदी दाखवली, जळकं छप्पर दाखवलं. ते तुमचं नव्हे असं ती म्हणते. तिच्या म्हणण्यावर मी किती दिवस काढू? आधी तू बरी आहेस एवढं दोन ओळी लिही, मग पुढचं वाच.

रागावलो होतो, खोटं कशाला सांगू? नाव माझ्या घरचं, आणि तू ते कुठल्या कुठे नेऊन चिंचेला बांधलंस. तीन आठवडे सुपाऱ्यांच्या बुडातलं गवत कापत होतो आणि मनात तुला बोलत होतो. मग तुझा दुसरा कागद आला. केनियाच्या त्या ट्रकवाल्याचं वाचलं आणि विळा खाली ठेवला.

देवा रे! ज्यांची स्वतःची माणसं सापडत नाहीत ते माझ्या पोराचा गाल तपासत फिरतात. आणि मी सात वर्षांत दोडामार्गच्या बाजारातसुद्धा कोणाला विचारलं नाही. गावाने विचारलं असतं. मीच विचारू दिलं नाही.

तू त्या वेळी पणजीत होतीस, तुला अर्धंच ठाऊक. अठरा साली खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला. शिगम्याच्या गाराण्याला प्रवीण मागे उभा होता. मी कोणाच्या म्हशीसाठी मागितलं, कोणाच्या लग्नासाठी मागितलं. शेवटी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, एक वाक्य माझ्यासाठी घाला. काम मिळू दे एवढं." मी म्हटलं, घरचं मागायची रीत नाही. तो म्हणाला, "गाव तुमचं घर, आणि मी कोण?" पुढल्या माणसाची कोंबडी हरवली होती, ती मागितली. सकाळी तो नव्हता. नंबर बदलला. पावसात मला ताप आला आणि कान गेले. शिक्षा बरोबर बसली असं मला वाटत आलं आहे.

रीत चुकली असं मी म्हणत नाही. कोंबडी मागायला नको होती.

रात्र रात्र स्वप्न पडतं हल्ली. देवळात सगळे मागे उभे आहेत, मी गाराणं घालतो, आणि मागून एकच आवाज "व्हय म्हाराजा" म्हणतो. स्वप्नात मला स्वच्छ ऐकू येतं. वळून बघायच्या आधी जाग येते.

फोन बंद करायचा अर्ज साईशने दिला. ऑगस्टच्या वीस तारखेच्या आत येऊन काढतील. एक कटकट जाईल.

दोन ओळी लिही गो.

मामा


२० जुलै २०२५
नाईलकाठ

मामा,

मी बरी आहे. सगळे बरे आहेत. जळलं ते धान्याचं कोठार, आमच्यापासून लांब. चार दिवस केंद्र बंद होतं. पाचव्या दिवशी यंत्र सुरू केलं तेव्हा अचोल दाराशी बसलेली होती.

आता माझं ऐक, म्हणजे वाच. अर्ज मागे घे. आजच साईशला पाठव. फोन काढू देऊ नकोस.

बंद असलेले ते चार दिवस मी यंत्रासमोर बसून होते आणि तुझं पत्र वाचत होते. चवथीला फोन येतो, दर वर्षी. अठरा सालापासून ना? त्याच्या आधी येत होता का? विमेवाले चवथीला काम करतात का, मामा? चवथीला गोव्यातला माणूस कुठेही असला तरी कोणाला फोन करतो?

मला खात्री नाही. पण असं धर की तो प्रवीण आहे. तो गेला तेव्हा तुझे कान चांगले होते. ताप नंतर आला. त्याला कोणी सांगितलं? तो नाव सांगतो, तू "कोण?" विचारतोस. तो परत सांगतो, तू परत "कोण?" विचारतोस आणि ठेवतोस. त्याने शेवटचं विचारलं होतं, "मी कोण?" आणि सात वर्षं तू फोनवर त्याला तेच विचारतो आहेस.

तुला हे वाचताना काय होईल ते मला कळतं. पाणी पी आणि पुढे वाच.

तू म्हणशील, प्रवीण असला तरी मला ऐकू येणार नाही, काय उपयोग? मामा, आमच्या यंत्रालाही कान नाहीत. तासभर आम्ही बोलतो, पलीकडून एक हुंकार येत नाही. नवीन माणूस माईकसमोर बसला की घाबरतो, थांबतो, "कोणी आहे का?" विचारतो. न्याकिम त्यांना पहिल्याच दिवशी सांगते: विचारायचं नाही. पलीकडे कोणी आहे असं धरायचं आणि सांगायचं. उत्तर आठ दिवसांनी होडीतून येईल. नाही आलं तर पुढच्या शुक्रवारी परत सांगायचं.

या चवथीला फोन वाजला की "कोण?" म्हणू नकोस. शेजारच्या कोणाला बोलावू नकोस, ते येईपर्यंत तो ठेवून देईल. तू बोल. तुला ते येतं. आयुष्यभर न बोलणाऱ्या देवासमोर बोलतच आला आहेस.

संजना


२८ ऑगस्ट २०२५
इब्रामपूर

चि. संजना,

काल चवथ झाली. गणपतीवर टांगायच्या माटोळीला यंदा रानातली फळं चांगली मिळाली, सिद्धीच्या भावाने माट्टुळं आणि कांगलं आणून बांधली. आरतीला वाड्यावरची मंडळी आली, घुमट वाजवलं, प्रसाद खाऊन पुढच्या घरी गेली. अर्ज साईशने मागे घेतला होता, मी फोनजवळ खुर्ची ओढून बसलो. सकाळपासून धोतर दोनदा बदललं. कोणासाठी कोण जाणे!

साडेअकराला घंटा वाजली.

उचलला. तोंडात "कोण" आलं होतं, ते गिळलं. मग काय बोलायचं ते आठवेना. कागदावर लिहून ठेवलं होतं, तो कागद गणपतीपुढे राहिला. म्हटलं, प्रवीण, तू असशील तर बोलू नको, ऐक. नसशील तर जो कोण आहे त्याने म्हाताऱ्याला माफ करावं. मला ऐकू येत नाही. तू गेलास त्या पावसात ताप आला, कान गेले. मी "कोण" विचारत होतो ते ओळखत नाही म्हणून नव्हे.

मग गाराणंच सुरू केलं. उभं राहून. फोनची तार आखूड, म्हणून वाकून उभा राहिलो. बा देवा म्हाराजा, आज ह्या घरचं मागतो. रीत मोडतो, तो दोष माझ्या माथ्यावर घाल. माझ्या प्रवीणाला जिथे असेल तिथे काम मिळो, ताट मिळो. त्याने एक वाक्य मागितलं होतं, ते सात वर्षं माझ्या गळ्यात अडकलं आहे, ते आज पुरं कर. त्याला घरची वाट दिसू दे. मला फोनवर ऐकू येत नाही, पण समोर बसला तर ओठ वाचता येतात. दाढी वाढवली असेल तर काढून ये म्हणावं.

मागे "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं. मीच म्हटलं. दर वाक्याला.

मग आणखी काय काय सांगितलं. विहिरीला कठडा बांधला, पाटाजवळचा फणस वाऱ्याने पडला, शालिनीचा पितळी डबा अजून तिथेच आहे. अचोलबाईचं सांगितलं. केनियाच्या माणसाचं सांगितलं. तोंड सुकलं तेव्हा थांबलो. पलीकडे काही आहे की नाही कळायला मार्ग नाही. कानाला नुसता गरम लागत होता फोन. हळूच ठेवला.

विमेवाली मुलगी असेल तर तिला आता आमच्या घराचं सगळंच ठाऊक झालं. बिचारीची चवथ फुकट घालवली.

काल दुपारी मी खूप वर्षांनी गाढ झोपलो.

मामा


५ सप्टेंबर २०२५
नाईलकाठ

मामा,

तुझं पत्र मी न्याकिमला सांगितलं, तिने अचोलला, आणि अचोलने होडीत बसलेल्या सगळ्यांना. ती विचारते, "उत्तर आलं का?" मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, "नऊ दिवस म्हणजे काहीच नाही. वरून पाणी यायलाच तेवढे लागतात."

आज संध्याकाळी नदीवर धुकं होतं. होड्या दिसत नव्हत्या, नुसते रेडिओ ऐकू येत होते, एकच आवाज दहा ठिकाणांहून. त्यात न्याकिम इब्रामपूरचं नाव घेत होती. मला वाटलं, त्या धुक्यातून आपली पायवाट वर येईल आणि तू पाटाकडून चालत येशील, विळा खांद्याला.

खरं सांगते, मला भीती वाटते आहे. मीच तुला आशा लावली. काहीच झालं नाही तर माझ्यावर राग, स्वतःवर नको.

संजना


१५ सप्टेंबर २०२५
इब्रामपूर

संजना,

पत्र लांब लिहायला वेळ नाही, घरात माणूस आहे.

शनिवारी सकाळी मी भाताच्या बांधावर गवत कापत होतो, पाठ वाटेकडे. सिद्धी नंतर म्हणाली की दोडामार्गची बस थांबली, एक माणूस उतरला, बांधाच्या टोकाला उभा राहिला आणि त्याने "बाबा" म्हणून हाक मारली. मी वळलो नाही. त्याने परत मारली. मी गवत कापतोच आहे. ती पोर धावत येणार होती, एवढ्यात तो पिशवी खाली ठेवून चिखलात उतरला. पँट गुडघ्यापर्यंत भरवून अख्ख्या शेताला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

दाढी काढून आला होता. डाव्या गालाचा डाग मी आधी बघितला. अचोलबाईची सवय मला लागली म्हणायची.

त्याचे ओठ हलले. मी वाचले. "व्हय म्हाराजा" म्हणाला.

पुढचं मला नीट दिसलं नाही. चष्मा भिजला होता.

बळ्ळारीकडच्या खाणीवर गाडी चालवतो. पंधरा दिवस रजा मिळायला लागले, म्हणून उशीर. बायको केली आहे, स्नेहा नाव, पुढल्या महिन्यात घेऊन येणार आहे. मेजाच्या खणातलं कानाचं यंत्र काढून त्याने पुसलं, कानात घातलं. परत चर्र झालं. मी म्हटलं, राहू दे, तू समोर बस. आता खाली तो चार ओळी लिहितो म्हणतो, लिहू देतो.

*संजू, मी प्रवीण. पहिल्या चवथीला मी तीनदा नाव सांगितलं, बाबांनी तीनदा "कोण" विचारलं आणि ठेवलं. पुढच्या वर्षीही तसंच. मग मी नाव सांगायचं सोडलं. फोन लावायचो तो फक्त मागे घुमट वाजतंय ते ऐकायला. दोन-चार ठोके ऐकू आले की पुरे. यंदा बाबा वीस मिनिटं बोलले. मी गाडी कडेला लावली होती. दर वाक्याला मी "व्हय म्हाराजा" म्हणत होतो, मोठ्याने, क्लीनर बघत राहिला. त्यांना वाटतं मागे कोणी नव्हतं. होतो मी. तुझ्या त्या होडीवाल्या बाईला सांग, शोधायचं थांबवा, सापडला.*

परत मी. शोधायचं थांबवा असं हा म्हणतो, पण ती बाई थांबायची नाही, तिचा अजून सापडायचा आहे. तेव्हा पुढल्या सोमवारी देवळात गाराणं ठरवलं आहे. महादेवाला जांभई देऊ नको म्हणून ताकीद दिली आहे. त्या पोराचं नाव ओबाच, आई अचोल, एवढं मला ठाऊक आहे. गाव कुठलं आणि आवडता बैल कुठल्या रंगाचा ते स्वच्छ अक्षरात लिहून धाड, सोमवारच्या आत. अर्धवट नाव घेऊन देवासमोर उभा राहणार नाही.

मामा